तार, पातं आणि मागचा गळ : स्पिनरबेटच्या जुळणीचा आढावा

अमेरिकेत गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्यांचा सर्वांत मोठा वर्ग बासच्या मागे असतो. बास हा सनफिश कुळातला शिकारी मासा. त्याच्या दोन जाती गरवणाऱ्यांच्या विशेष आवडीच्या : रुंद जबड्याचा लार्जमाउथ आणि थंड, नितळ, खडकाळ पाण्यातला स्मॉलमाउथ. लार्जमाउथ बुडालेल्या झाडांत, लव्हाळ्यांत, पाणगवतात दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. तो बसतो नेमक्या त्याच जागी उघडा गळ टाकला, की मासा लागण्याआधी फांदी लागते. या अडचणीवर जी उत्तरं शोधली गेली त्यांतलं एक फार टिकाऊ उत्तर म्हणजे स्पिनरबेट.

त्याची घडण पाहिली की उघडलेली सेफ्टी पिन आठवते. वाकवलेल्या पोलादी तारेच्या खालच्या बाहूला शिशाचं डोकं, त्या डोक्यातून मागे निघालेला एकेरी गळ आणि गळाभोवती लवचीक धाग्यांची झालर. वरच्या बाहूवर फिरणारी एक-दोन धातूची पाती. दोन्ही बाहू मिळतात त्या कोनात दोरी बांधायची. निसर्गात असा जीव कुठेच नाही, तरीही बास त्यावर तुटून पडतो. वरचा बाहू आणि पाती गळाच्या पुढे-वर राहत असल्यामुळे फांदीचा पहिला धक्का तार घेते आणि गळाचं टोक मोकळं राहतं.

कोणतं पातं घ्यावं, तार किती जाड असावी, मुख्य गळाला मागून दुसरा गळ जोडावा की नाही, झालरीला प्लास्टिकची शेपूट लावावी का, रंग कोणता घ्यावा, या प्रश्नांवर पन्नासहून अधिक वर्षं चर्चा चालू आहे. त्यातलं काय ठरलं, कुठे मतं फाटली आणि काय अजून कोणी नीट तपासलेलंच नाही, ते इथे क्रमाने पाहू.

वाद कुठून सुरू झाला

पाण्यात फिरणाऱ्या चकचकीत धातूला मासा भुलतो, हे ज्ञान जुनं आहे. ज्युलिओ ब्यूल यांनी 1852 साली चमच्याच्या आकाराच्या आमिषाचं पेटंट घेतलं. इंडियाना राज्यातल्या लोगन्सपोर्टमध्ये 1899 पासून हिल्डब्रांट कंपनी पाती बनवू लागली आणि आजही जाणकार तिच्या पात्यांचं नाव घेतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकागोच्या जेमिसन कंपनीने ‘शॅनन ट्विन स्पिनर’ बाजारात आणलं. गळाच्या वर दोन तारा आणि प्रत्येकीच्या टोकाला एक पातं, अशी त्याची रचना होती. आजच्या स्पिनरबेटचा पूर्वज म्हणून बहुतेक जण त्याच्याकडेच बोट दाखवतात.

या आमिषाला खरा वाव मिळाला तो धरणांमुळे. 1933 साली टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली आणि त्यानंतरच्या तीन-चार दशकांत अमेरिकेच्या दक्षिण भागात एकामागून एक जलाशय भरले. पूर्व टेक्ससमधलं सॅम रेबर्न, टेक्सस-लुइझियाना सीमेवरचं टोलेडो बेंड अशा ठिकाणी उभी जंगलं पाण्याखाली गेली. लार्जमाउथला हवं तसं घर झालं, आणि झाडोऱ्यातून न अडकता निघणाऱ्या आमिषाची गरज एकदम वाढली.

मग स्पर्धा आल्या. रे स्कॉट यांनी जून 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी बास स्पर्धा भरवली आणि त्यातून ‘बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी’ उभी राहिली. 1971 साली नेवाडा-अ‍ॅरिझोना सीमेवरच्या लेक मीडवर पहिलं ‘बासमास्टर क्लासिक’ झालं. चोवीस स्पर्धक, एकच बक्षीस, रक्कम 10,000 डॉलर. ते जिंकलं बॉबी मरे यांनी, आणि स्पिनरबेटवर. पुढे ओक्लाहोमाचे जिमी ह्यूस्टन, टेक्ससचे रिक क्लन आणि मिशिगनचे केव्हिन व्हॅनडॅम या दिग्गजांनी स्पिनरबेटला प्रतिष्ठा दिली. या स्पर्धांत जिवंत आमिषाला मनाई असल्यामुळे कृत्रिम आमिषाच्या बारीकसारीक जुळणीला विलक्षण महत्त्व आलं. नुसतं पातं बदलल्याने दिवसाचं वजन वाढलं, असं विजेता सांगायचा, आणि पुढच्या आठवड्यात दुकानातून ते पातं संपलेलं असायचं. आज आपल्यासमोर असलेली बरीचशी मतं या वाटेने आली आहेत, हे लक्षात ठेवलेलं बरं.

ज्यावर एकमत आहे

सर्वांना मान्य असलेली पहिली गोष्ट म्हणजे तोल. डोक्याचं वजन, पात्याचा आकार आणि तारेची लांबी ही तिन्ही एकमेकांशी बांधलेली आहेत. पातं फिरताना पाण्याचा रेटा घेतं आणि आमिषाला वर उचलतं. शिशाचं डोकं त्याला खाली धरतं. डोक्याच्या मानाने पातं मोठं झालं, की जोरात ओढताच आमिष कुशीवर कलंडतं आणि गळाचं टोक वर न राहता बाजूला जातं. पातं लहान पडलं, तर आमिष दगडासारखं बुडतं आणि हळू ओढता येत नाही. बाजारात सर्वाधिक खपणारी वजनं 3/8 आणि 1/2 औंसाची, म्हणजे साधारण 10 ते 14 ग्रॅमची. उथळ पाण्याला 1/4 औंस, तळालगत संथ ओढायला 3/4 ते 1 औंस.

दुसरी मान्य गोष्ट सरळपणाची. बोटीच्या कडेने आमिष पाण्यात सोडून दोन हात ओढून पाहायचं. वरचा बाहू गळाच्या बरोबर वर, एका रेषेत राहिला पाहिजे. आमिष डावीकडे कलत असेल, तर वरचा बाहू चिमटीत धरून किंचित उजवीकडे वाकवायचा, मग पुन्हा ओढायचं. प्रत्येक मोठ्या माशानंतर तार थोडीफार वाकतेच, म्हणून दर वेळी हे तपासावं लागतं. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण जुळणीच्या इतर कुठल्याही बदलापेक्षा याचा परिणाम अधिक होतो, असं माझं ठाम मत आहे. वाकड्या तारेवर रंगाची चर्चा करण्यात काही अर्थ नाही.

तिसरी गोष्ट वरच्या बाहूच्या लांबीची. मागच्या पात्याचं टोक साधारण गळाच्या वळणापर्यंत पोचावं, असा प्रघात आहे. बाहू आखूड असेल, तर गळाला पुरेसा आडोसा मिळत नाही आणि तो फांदीत रुततो. मात्र आखूड बाहूचं आमिष सरळ खाली सोडलं तर पातं छान गरगरत राहतं. त्यामुळे बुंध्याशेजारी किंवा खडकाच्या कपारीशी आमिष बुडवत नेणारे मुद्दाम आखूड बाहू निवडतात. लांब बाहू गवतातून चांगला निघतो, पण पातं गळाच्या फार मागे गेलं तर मासा पात्यालाच धरतो आणि सुटतो.

पात्याला जोडणाऱ्या फिरत्या कडीबद्दलही आता वाद उरलेला नाही. साध्या कडीत संथ ओढताना पातं मध्येच थांबतं. बॉल बेअरिंगची कडी पहिल्या इंचापासून फिरते. ती महाग पडते, पण कडी गंजली की पूर्ण आमिष निकामी होतं, म्हणून तिथे काटकसर करू नये, असं सगळेच सांगतात.

पातं : चमक की धडक

पात्यांचे तीन मुख्य आकार आहेत. कोलोरॅडो जवळजवळ गोल, विलोलीफ लांबट आणि निमुळतं, इंडियाना या दोहोंच्या मधलं. गोल पातं तारेपासून बरंच बाहेर फेकलं जाऊन मोठ्या घेरात फिरतं, जास्त पाणी ढकलतं, रॉडच्या मुठीपर्यंत धडधड पोचवतं आणि आमिषाला वर उचलून धरतं. विलोलीफ तारेलगत, अरुंद घेरात आणि वेगाने फिरतं. त्याची धडक कमी आणि चमक जास्त. गवतातूनही ते अलगद निघतं.

यावरून दोन विचार निर्माण झाले. एक म्हणतो, बासला बोलावते ती पात्याची धडक. माशाच्या दोन्ही कुशींवरून गेलेल्या पार्श्वरेषेला पाण्यातली मंद कंपनं जवळून जाणवतात, त्यामुळे गढूळ पाण्यात आणि रात्री गोल पात्याला पर्याय नाही. रात्री काळी झालर आणि एकच मोठं कोलोरॅडो पातं, हा दक्षिणेतला जुना शिरस्ता याच समजुतीवर उभा आहे. दुसरा विचार डोळ्यावर भिस्त ठेवतो. नितळ पाण्यात बास लांबून पाहून येतो, शॅडसारख्या चंदेरी माशांचा थवा उधळल्याचा भास त्याला विलोलीफच्या लखलखाटातून होतो, आणि जोरदार धडक तिथे उलट त्याला सावध करते, असं या बाजूचं म्हणणं. एरी, सेंट क्लेअर या मोठ्या सरोवरांत स्मॉलमाउथ खोलातून उसळी मारून वरून वेगाने जाणाऱ्या जड स्पिनरबेटला धरतो. या अनुभवाने दुसऱ्या बाजूला मोठं बळ मिळालं.

व्यवहारात दोघांनी तडजोड केली आहे : पुढे लहान कोलोरॅडो, मागे मोठं विलोलीफ. पुढचं पातं छोट्या आकड्यावर तारेतच फिरतं, मागचं टोकाच्या कडीला लटकतं आणि दोहोंमध्ये मणी असतात. इथे एक बारकावा आहे. मणी कमी पडले, तर मागच्या पात्याचं डोकं पुढच्या पात्याच्या शेपटीला घासतं आणि दोन्ही अडखळतात. घरी पाती बदलणारे नेमके याच ठिकाणी चुकतात. मोठं पातं लावताना मणी वाढवायचे राहून जातात.

सोनेरी पातं गढूळ पाण्याला आणि ढगाळ हवेला, रुपेरी पातं स्वच्छ पाण्याला आणि उन्हाला, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. तर्क पटण्याजोगा आहे. पण तो अनुभवाच्या जोरावर चालत आला आहे आणि मी त्याला संकेताहून जास्त वजन देत नाही. वाऱ्याबद्दलचा संकेत मात्र मला अधिक भक्कम वाटतो. पृष्ठभागावर लाटा उठल्या की प्रकाश तुटतो, लहान मासे किनाऱ्याकडे रेटले जातात आणि बासला आमिष न्याहाळायला वेळ मिळत नाही. स्पिनरबेट वाऱ्यात चालतं याबद्दल दोन्ही बाजू एकच बोलतात.

तार आणि दोरीची जागा

तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. सामान्य जाडी 0.035 ते 0.040 इंच, म्हणजे एक मिलिमीटरच्या आतबाहेर. बारीक तार पात्याचं कंपन डोक्यापर्यंत आणि झालरीपर्यंत पोचवते, जाड तार ते गिळून टाकते. पण बारीक तार लवकर वाकते आणि पुन:पुन्हा सरळ केली की कोनाजवळ तुटते. टेक्ससच्या लॉनी स्टॅन्ली यांनी टोकाकडे निमुळती होत जाणारी तार आणून यावर तोडगा काढला : कोनाशी ताकद, टोकाशी थरथर. नंतर टायटॅनियमची तार आली. ती वाकवली तरी मूळ आकारात येते, पण नेमक्या याच गुणामुळे तिला हाताने हवा तसा कोन देता येत नाही. ज्यांना दर फेकीला तार चिमटीत घेऊन जुळवायची सवय आहे, ते टायटॅनियमकडे वळले नाहीत. जे पाच मासे धरूनही तार तपासत नाहीत, त्यांना ते वरदान वाटलं. दोघांचंही बरोबर आहे.

दोरी बांधायच्या जागेचा वाद छोटा आहे, पण चिवट. काही स्पिनरबेटांत तारेला पूर्ण वेढा देऊन बंद डोळा केलेला असतो, तर काहींत नुसतं उघडं वळण. बंद डोळ्यात गाठ जागची हलत नाही, दोरीला जोडकडीही लावता येते. पण फेकताना दोरी वेढ्यात अडकून आमिष गुरफटतं, आणि वेढ्याच्या जागी तार दमते. उघड्या वळणात गाठ वरच्या बाहूकडे सरकण्याची धास्ती असते. त्यावर वळणाच्या पुढे रबराचा इवलासा तुकडा चढवणं, हा उपाय बहुतेकांनी स्वीकारला आहे. जाणत्या स्पर्धकांचा कल स्पष्टपणे उघड्या वळणाकडे आहे, आणि दुकानातल्या चांगल्या मालातही तेच अधिक दिसतं.

मागचा गळ : खरा वाद

जुळणीच्या सगळ्या प्रश्नांत जास्तीत जास्त मतभेद मागच्या गळावर आहेत. मुख्य गळाच्या वळणावर दुसरा एकेरी गळ चढवायचा, जेणेकरून नुसती शेपूट चावून पळणारा मासाही अडकावा. तो चढवायच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत सर्जिकल ट्यूबिंगचा साधारण पाव इंचाचा तुकडा कापून मागच्या गळाच्या डोळ्यावर घट्ट ओढून बसवायचा. मग मुख्य गळाचं टोक त्या रबरातून आणि आतल्या डोळ्यातून एकदमच पार करायचं. रबरामुळे मागचा गळ जागेवर ताठ राहतो, टोक वर. दुसऱ्या रीतीत डोळ्यावर रबर नसतं. आधी मागचा गळ ओवायचा आणि मग मुख्य गळाच्या टोकाजवळ रबराची चकती चढवून तो निसटणार नाही एवढंच पाहायचं. अशा वेळी मागचा गळ मोकळा झुलतो. डोळा मुख्य गळाच्या उलट्या दातावरून जाईल एवढा मोठा हवा. म्हणून नेहमीच्या गळांतून हाताला येईल तो उचलून चालत नाही.

ताठ बसवलेला गळ गवतात कमी फसतो. मोकळा गळ माशाच्या तोंडात सहज वळतो आणि मासा झटके देऊ लागला की निसटू देत नाही, असं त्याचे समर्थक सांगतात. दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं स्पर्धा खेळलेली माणसं आहेत.

याहून मोठा प्रश्न : तो लावावाच का? इथे तीन भूमिका आहेत. पहिली म्हणते, कायम लावा आणि गवताने नाइलाज केला तरच काढा. स्पर्धेत पाच माशांचं वजन मोजतात, निसटलेला एक मासा बक्षीस घालवतो. दुसरी म्हणते, मासे शेपूट ओढून सोडून देतायत असं दिसलं तरच लावा. तिसऱ्या भूमिकेनुसार मासा तोकडा चावतोय याचा अर्थ त्याला आमिष पटलेलं नाही. अशा वेळी वेग, पात्याचा आकार किंवा झालर बदला. दुसरा गळ लावणं म्हणजे मूळ दुखणं झाकणं. शिवाय दोन गळांनी माशाला इजा जास्त होते आणि सोडून द्यायच्या माशाच्या बाबतीत हा मुद्दा दुर्लक्षण्याजोगा नाही. ‘बास अँगलर्स’च्या स्पर्धांमध्ये मासे जिवंत सोडण्याची मोहीम 1972 पासून आहे, त्यामुळे हा आक्षेप खेळाच्या आतूनच आला आहे.

मागच्या गळाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा पुरावा असा : दिवसभरात लागलेल्या माशांपैकी इतके मासे फक्त मागच्या गळावर होते, म्हणजे तो नसता तर ते गेले असते. हा हिशोब मला कच्चा वाटतो. मागचा गळ मुळातच मागे असतो. मासा पाठीमागून येतो आणि तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. साहजिकच त्याच्या तोंडात आधी मागचा गळ जातो, आणि तो लागला की मुख्य गळ बाहेरच राहतो. दुसरा गळ नसता तर त्यातले काही मासे मुख्य गळावर लागलेच असते. किती, ते या मोजणीतून कळू शकत नाही. ते कळायचं तर एकाच बोटीतून, एकाच जागी, एकासारखी एक दोन आमिषं पाळीपाळीने टाकून चावे आणि हाती आलेले मासे दोन्ही मोजायला हवेत. एवढ्या साध्या तपासणीवर मत ठरवलेले लोक मला क्वचितच दिसले.

तूर्त माझा कौल मधल्या भूमिकेला आहे, थोडा पहिल्याकडे झुकलेला. उघड्या पाण्यात, वाऱ्यात आणि वेगाने ओढताना मागचा गळ ठेवावा. हायड्रिलासारख्या दाट पाणगवतात काढावा, कारण तिथे तो माशापेक्षा गवताच्या जुड्याच जास्त आणतो.

झालर आणि शेपूट

सुरुवातीच्या झालरी नैसर्गिक रबराच्या होत्या. पाण्यात त्यांचे धागे श्वास घेतल्यासारखे फुलत-मिटत. पण पेटीत ऊन लागलं की ते एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होई. गेल्या शतकाच्या अखेरीला सिलिकॉनने त्यांची जागा घेतली. सिलिकॉन टिकतं, त्यावर खवले, ठिपके, चमकी काहीही छापता येतं. जुनी मंडळी मात्र थंड पाण्यासाठी अजून रबरच धरून आहेत. झालर गळाच्या वळणापलीकडे किती सुटावी, यावर फारसा मतभेद नाही. लांब सुटलेले धागे कातरायचे.

मतभेद आहे तो शेपटीवर. गळावर मऊ प्लास्टिकची दुभंगलेली किंवा वळवळणारी शेपूट लावली की आमिष भरीव दिसतं, फेकायला वजन मिळतं, पाण्यात उचल मिळते, त्यामुळे हळू ओढता येतं. पूर्वी हे काम मिठात मुरवलेल्या डुकराच्या कातडीचे तुकडे करत. विस्कॉन्सिनच्या ‘अंकल जॉश’ कंपनीचं नाव त्यासाठी घरोघरी माहीत होतं. शेपटीविरुद्धचा आक्षेप असा की ती झालरीची हालचाल मारते, आणि वाकडी ओवली गेली तर सगळं आमिष कलंडतं. त्यात एक साखळीही आहे, तिच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. शेपूट गळाच्या मागे इंच-दीड इंच लोंबली की मासा तिथेच चावतो आणि गळापर्यंत पोचत नाही. मग गरवणारा म्हणतो, मासे तोकडं चावतायत, मागचा गळ लावू या. एका जोडणीने निर्माण केलेली अडचण दुसऱ्या जोडणीने सोडवायची, असा हा प्रकार. शेपूट आखूड करून पाहिल्याशिवाय मागच्या गळाकडे जाऊ नये.

रंग

पांढरा, पिवळसर पोपटी, किंवा दोन्ही मिळून : दुकानातली अर्धी भिंत या तीन रंगांनी भरलेली असते. पांढऱ्याचे आणि पोपटीचे कट्टर भक्त आहेत. या एका बाबतीत मात्र प्रयोगशाळेने थेट उत्तर दिलं आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथला रंग ओळखायला शिकवून त्याची दृष्टी तपासली. हे काम 2019 साली प्रसिद्ध झालं. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या आहेत, एक हिरव्याला संवेदनशील, दुसरी तांबड्याला. लाल आणि हिरवा तो नीट वेगळे काढतो. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ होतो, तसाच निळा आणि काळा यांतही.

म्हणजे पांढरं की पोपटी हा वाद बासच्या डोळ्यापुरता तरी बराचसा पोकळ ठरतो. अर्थात प्रयोग टाकीतल्या प्रकाशात झाला. गढूळ पाण्यात, दोन मीटर खोल, ढगाळ सकाळी पांढऱ्याचा आणि पोपटीचा उजळपणा सारखा राहील असं नाही, आणि मासा रंग नाही तरी उजळपणा ओळखतो. त्यामुळे दार पूर्ण बंद झालेलं नाही. तरी रंगावर खर्च होणारं लक्ष तारेकडे वळवावं, असा सल्ला मी देईन.

दोरी आणि रॉड

इथे थोडक्यात सांगता येतं. बहुतेक जण 17 ते 20 पौंडांची मोनोफिलामेंट किंवा फ्लुरोकार्बन दोरी वापरतात. मोनो ताणली जाते आणि तरंगते, म्हणून उथळ पाण्यात बरी. फ्लुरोकार्बन बुडते आणि कमी ताणते. विणलेली दोरी गवत कापते, पण तिला ताण नसल्यामुळे गळ लवकर ओढला जाऊन माशाच्या तोंडातून निसटतो, अशी तक्रार आहे. तिला मऊ रॉडची जोड दिली की तक्रार कमी होते. ग्रॅफाइटचा ताठ रॉड की फायबरग्लास मिसळलेला लवचीक, हा वादही मुळात तोच आहे : ताण कुठेतरी हवा, दोरीत किंवा रॉडमध्ये. दोन्हीकडे नको आणि दोन्हीकडून गायबही नको.

काय सुटलेलं नाही

सर्वांत मोठी उणीव पुराव्याची आहे. स्पर्धेचे निकाल म्हणजे प्रयोग नव्हेत. विजेता ज्या पाण्यात, ज्या हवेत, ज्या हाताने जिंकला, त्यातून पात्याचा वाटा वेगळा काढता येत नाही. जे हरले त्यांनीही बहुधा तेच पातं लावलेलं असतं. शिवाय नामवंत स्पर्धकांना उत्पादक मानधन देतात. त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही, पण कोणत्या आमिषाबद्दल ते बोलणार हे त्यावर ठरतं.

दुसरा प्रश्न मासे गळाला सावध होत जाण्याचा. इलिनॉयमधल्या रिज लेकवर लवकर गळाला लागणारे आणि न लागणारे बास वेगळे काढून त्यांच्या तीन पिढ्या पाहिल्या गेल्या. गळाला लागण्याची प्रवृत्ती वंशपरंपरेने पुढे जाते, हा त्याचा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं पकडून खाल्लेल्या किंवा पुन:पुन्हा पकडून सोडलेल्या बासांच्या तलावात धीट मासे कमी होत जातात का, आणि म्हणूनच तिथे लहान पाती नि साध्या झालरी जास्त चालतात का? गरवणाऱ्यांचा अनुभव हो म्हणतो. नेमक्या स्पिनरबेटबाबत त्याची तपासणी व्हायला हवी.

त्याच्याशी जोडलेली तिसरी गोष्ट स्पिनरबेटच्या ओहोटीची. 2006 च्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या ओकिचोबी सरोवरावर ब्रायन थ्रिफ्ट यांनी तोंडाशी पत्रा लावलेल्या जिगवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर), म्हणजे चॅटरबेटवर, स्पर्धा जिंकली. ऑक्टोबर 2011 मध्ये गंटर्सविल सरोवरावर पॉल इलायस यांनी अनेक तारांच्या अलाबामा रिगवर चार दिवसांत 100 पौंडांहून अधिक मासे धरले. त्यानंतर स्पिनरबेट पुष्कळांच्या पेटीत तळाला गेलं. मासे त्याला विटले म्हणून, की माणसं नव्याकडे धावली म्हणून? ज्या पाण्यात आता कोणी स्पिनरबेट टाकत नाही तिथे ते पुन्हा चालू लागल्याचं अनेक जाणकार सांगतात. पहिल्या शक्यतेला यामुळे थोडा आधार मिळतो.

शेवटचा प्रश्न शिशाचा. लून पक्षी शिशाची लहान वजनं गिळून मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायरने एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांवर आणि जिगवर बंदी घातली आहे. ईशान्येकडच्या इतर राज्यांतही कमीअधिक कडक नियम आहेत. तारेच्या लांबलचक स्पिनरबेटचा या विषबाधेत किती वाटा, हे वेगळं मोजलं पाहिजे. पण कल शिशापासून दूर जाण्याचा आहे, आणि इथे जुळणीचा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागणार. शिशाची घनता 11.3, बिस्मथची 9.8, कथिलाची 7.3. अर्ध्या औंसाच्या साच्यात कथील ओतलं तर डोकं सुमारे चौदा ग्रॅमऐवजी नऊच्या आसपास भरतं. वजन तेवढंच राखायचं तर डोकं फुगतं, पाण्याचा रोध वाढतो आणि गवतातून निघताना ते अडतं. टंगस्टन शिशाहून जड, त्याचं डोकं लहान होतं, पण ते घरच्या भट्टीत वितळत नाही आणि महाग आहे. कोणत्या वजनाला कोणतं पातं, याची आज सर्वमान्य असलेली गणितं शिशाच्या डोक्यांवर बसवलेली आहेत. कथिलाच्या डोक्यावर तेच पातं लावलं तर आमिष कलंडेल. मग पातं किती लहान करायचं, बाहू किती आखूड करायचा आणि त्यावर मागचा गळ पेलेल का, हे सगळं पुन्हा बोटीच्या कडेला ओढून पाहावं लागेल.